ठाकुर्लीचं फिरतं घर

मुलांनो, ठाणे ते कल्याण हा लोकलचा रस्ता तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या रोजच्या सवयीचा असेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला येऊन थांबली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, हे तर पुस्तकात असतंच. पण हा रस्ता विजेचासुद्धा आहे, बरं का! खिडकीत बसून रूळांकडे न बघता वर बघायचं. तारांकडे आणि गच्च्यांकडे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी मी आमच्या शाळेतल्या पाच मुलांना घेऊन निघाले. गाडी मुद्दाम धीमी पकडली. कळव्याला लोकल गाड्यांची कारशेड दिसली. मुंब्र्याला एका बाजूला देवीचा डोंगर आणि दुसरीकडे खाडी. दिव्याच्या पुढे इमारतींच्या रांगाच रांगा सुरू झाल्या आणि मुलांची मोजणी सुरू झाली : कोणाच्या गच्चीवर किती काचा!

"बाई, ते बघा सोलर! पण त्याला टाकी का आहे?"

ही गफलत मोठी माणसंही करतात. गच्चीवर तिरक्या काचेच्या नळ्या आणि वर आडवी गोल टाकी दिसली, तर तो पाणी तापवायचा बंब. तिथे उन्हातली उष्णता पकडतात, वीज तयार होत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना असे बंब बसवण्याची अट घातली, म्हणून ते इकडे इतके दिसतात. केंद्र सरकारने 'सोलर सिटी' योजनेसाठी जी शहरं निवडली, त्यांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही होती. आणि ज्या सपाट, गडद निळ्या किंवा काळ्या काचा असतात, ज्यांना ना टाकी ना नळ, ती सौरविजेची पॅनेल. त्यांना उष्णता नको असते, प्रकाश हवा असतो. उलट पॅनेल तापलं की वीज कमीच देतं. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरचं पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं आणि त्याची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते. मुलांना हे काही केल्या पटेना. सूर्यावर चालणाऱ्या वस्तूला ऊन सोसत नाही?

डोंबिवली गेलं आणि आम्ही ठाकुर्लीला उतरलो. स्टेशन तसं लहानसं, पण एके काळी इथली चिमणी लांबून दिसायची. १९२९ मध्ये रेल्वेने इथे चोळे गावाजवळ स्वतःचं वीजघर उभारलं. 'चोळा पॉवर हाउस' म्हणतात ते हेच. दगडी कोळसा जाळायचा, वाफ करायची आणि त्या विजेवर घाटाकडे जाणाऱ्या गाड्या ओढायच्या. १९८० च्या दशकात ते बंद पडलं. बावन्नचाळीतल्या जुन्या रेल्वे कुटुंबांतली माणसं अजून त्याच्या भोंग्याच्या गोष्टी सांगतात.

आम्ही ज्या काकांकडे निघालो होतो, ते रेल्वेच्याच वीज खात्यातून निवृत्त झालेले. दारात एम. एच. ०५ नंबरची, तेरा माणसं बसायची अशी जुनी गाडी उभी. आता आत आसनं नव्हती. दोन बाक, बाकांखाली पेट्या, एक ओटा, एक पंखा, पडदे. थोडक्यात, चाकांवरचं घर! परदेशात अशी घरं पुष्कळ असतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. काकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी, २०१२ मध्ये, गाडीच्या टपावर शंभर-शंभर वॉटची दोन पॅनेल बसवली होती. त्यावर दिवे, पंखा आणि मोबाइल आरामात चालायचे. गाडीत असा बदल केला की आरटीओकडून मंजूर करून नोंदवून घ्यावा लागतो. तो कागदही काकांनी मुलांना दाखवला.

मग नवीन पॅनेल कशाला?

"माझ्यामुळे," आतून आजी म्हणाल्या. काकांच्या आई, वय ८४. चिपळूणकडच्या गावाला गणपतीला जायचं म्हणून हट्ट धरून बसलेल्या. त्यांना रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. इन्सुलिनचा शिल्लक साठा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो. जास्त गरम झालं तर खराब आणि गोठलं तरी वाया. गावातली वीज पावसात दोन-दोन दिवस जाते आणि वाटेत महामार्गावर गाड्यांची रांग लागली तर किती तास जातील, ते गणपतीलाच ठाऊक! म्हणून काकांनी गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज घेतला. आता प्रश्न असा, की जुनी दोन पॅनेल त्याला पुरतील का?

"पाटी-पेन्सिल काढा," काका म्हणाले. मुलांनी वह्या काढल्या. फ्रीज ४५ वॉटचा, दिवसातून निम्मा वेळ चालणार, म्हणजे १२ तास. ४५ गुणिले १२, ५४० वॉट-तास. पंखा २० वॉटचा, आठ तास, १६०. दिवे वगैरे ५०. बेरीज ७५०. जुनी पॅनेल कडक उन्हात दिवसाला साडेसहाशेच्या आसपास देतात. ढगाळ दिवशी दीडशे मिळाले तरी खूप.

"म्हणजे ढगाळ दिवशी ६०० चा तोटा!" पाचवीतली एक मुलगी ओरडली.

"बरोबर. आणि माझी बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची. म्हणजे १८०० वॉट-तास. पण ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं. मग हाताशी किती?"

"९००."

"रोज ६०० चा तोटा, तर किती दिवस?"

"दीड दिवस!"

दीड दिवसात तर आजी आणि इन्सुलिन गावात जेमतेम पोहोचणार. म्हणून नवीन पॅनेल. ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ३८० वॉटचं, काळंभोर, साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि बावीस किलो वजनाचं. आमच्यातल्या एका हुशार मुलाने लगेच उपाय सांगून टाकला : "काका, वर ठेवायचं आणि जुन्याच्या वायरीला याची वायर जोडायची. झालं!"

काका हसले नाहीत. त्यांनी पॅनेल उलटं केलं आणि पाठीमागची चिठ्ठी वाचायला लावली. जुन्या पॅनेलवर लिहिलं होतं, १८ व्होल्ट, साडेपाच अँपिअर. नव्यावर, ४० व्होल्ट, साडेनऊ अँपिअर. (व्होल्टला अँपिअरने गुणा, म्हणजे वॉट येतात. करून बघा.)

"टँकर आला की ओळीत उभं राहून हातोहात बादल्या देता ना?" काकांनी विचारलं. "ओळीत नऊ पैलवान आणि एक लहान पोरगं असलं, तर बादल्या किती वेगाने पुढे जातील?"

"पोराच्या वेगाने!"

पॅनेल एकापुढे एक जोडली, म्हणजे सिरीजमध्ये, तर असंच होतं. प्रवाह सगळ्यांतून एकच जातो. जुनं पॅनेल साडेपाच अँपिअरच देणार, मग नव्याचे साडेनऊ असून उपयोग काय? तेही साडेपाचावर येऊन बसणार.

"आणि शेजारी शेजारी जोडली तर? पॅरललमध्ये?" मी विचारलं. मलाही नीट ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोला.

"बाई, पालखी बघितलीय ना? चार खांदे. एक भोई ताडमाड उंच, बाकीचे बुटके. पालखी सरळ राहायची तर उंच माणसाला वाकावं लागतं. वजन तो उचलतो, पण त्याची उंची फुकट जाते."

पॅरललमध्ये व्होल्ट सगळ्यांचे सारखे होतात. ४० व्होल्टचं नवं पॅनेल वाकून १८ च्या आसपास येतं. मुलांनी गुणाकार केला : १८ गुणिले साडेनऊ, १७१. म्हणजे ३८० वॉटचे पैसे मोजायचे आणि मिळायचे १७१!

आणि इतक्यावर भागत नाही. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डबी असते, चार्ज कंट्रोलर. बॅटरी भरली की पुरवठा आवरता घेणं, रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलमध्ये जाऊ न देणं, ही तिची कामं. काकांची जुनी डबी साध्या जातीची. ती पॅनेलला बॅटरीच्याच दाबावर, म्हणजे तेरा-साडेतेरा व्होल्टवर आणून बसवते. तिथे नवं पॅनेल आणखी वाकणार, १७१ सुद्धा हातात पडणार नाहीत. शिवाय त्या डबीवर स्पष्ट लिहिलं होतं, जास्तीत जास्त २० अँपिअर. जुन्या दोघांचे अकरा आणि नव्याचे साडेनऊ, बेरीज साडेवीस. डबी तापणार, जळणारसुद्धा.

मग काकांनी खोक्यातून दुसरी डबी काढली. तिला एमपीपीटी म्हणतात. लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते लक्षात ठेवायची गरज नाही. काम लक्षात ठेवा. तुमच्याकडे मोठी नोट आहे आणि दुकानदाराला सुट्टे हवेत, तर वाण्याकडून मोड करून आणता ना? ही डबी तसंच करते. पॅनेलकडून ४० व्होल्ट, साडेनऊ अँपिअर घेते आणि बॅटरीला तेरा-चौदा व्होल्ट, पण सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर देते. थोडी दलाली कापते, पण उंची फुकट जात नाही.

"मग जुनी पॅनेल काढून टाकायची?" मुलांचा चेहरा पडला. त्यांना ती जुनी निळी पॅनेल आवडली होती.

"का काढायची? अजून दहातले नऊ हिस्से वीज देतात!" पॅनेल वर्षाला अर्धा-पाऊण टक्का म्हातारं होतं, एवढंच. काकांनी ठरवलं होतं ते असं : जुनी दोन पॅनेल जुन्या डबीवर, नवं पॅनेल नव्या डबीवर. दोन्ही डब्यांच्या वायरी थेट बॅटरीवर येऊन भेटणार. वर टपावर एकमेकांशी काही संबंध नाही. ज्याने त्याने आपापल्या वेगाने चालायचं, घरी मात्र एकाच पोहोचायचं.

"आम्ही रेल्वेत हेच केलं," काका म्हणाले आणि मग त्यांची गाडी रुळावरच गेली! १९२५ पासून मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावायच्या. पुढे २५ हजार व्होल्टची एसी वीज आणायचं ठरलं. पण एका रात्रीत सगळ्या तारा, सगळ्या गाड्या कशा बदलणार? लाखो माणसं रोज कामाला जातात. मग दोन्ही विजांवर चालतील अशा गाड्या आणल्या. कल्याणपासून ठाण्यापर्यंत नवी वीज २०१४ मध्ये आली, मेन लाइनवर मुंबईपर्यंत जून २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये. मधल्या काळात गाडी धावता धावता एका विजेवरून दुसऱ्या विजेवर जायची आणि आतल्या माणसाला पत्ताही लागायचा नाही. "जुनी तार आणि नवी तार एकमेकींना चिकटवली असती, तर काय झालं असतं?" काकांनी विचारलं. मुलांनी हातांनीच स्फोट करून दाखवला.

"मग काका, पॅनेल लावून लोकल का नाही चालवत?" हा प्रश्न येणारच होता. लोकल ओढायला लागते प्रचंड वीज आणि डब्याचं टप केवढंसं! पण दिवे-पंखे चालतात. जुलै २०१७ मध्ये दिल्लीत रेल्वेने अशी एक गाडी सुरू केली, एकेका डब्यावर १६ पॅनेल. ओढायला डिझेलचंच इंजिन, पण आतले दिवे आणि पंखे उन्हावर.

आता प्रत्यक्ष काम. इथे काकांनी पहिला नियम सांगितला : शिडीवर मुलांनी चढायचं नाही आणि वायरीला हात लावायचा नाही. दिव्याचं बटण बंद करता येतं, पॅनेलचं येत नाही. ऊन पडलं की ते वीज बनवणारच. त्याला झोपवायचं कसं? पांघरूण घालून! आजींची जाड गोधडी नव्या पॅनेलवर पसरली गेली. आजींनी कपाळाला हात लावला. "माझ्या लुगड्यांची गोधडी आहे ती!"

पॅनेल टपाला थेट चिकटवलं नाही. खाली चार बोटं जागा सोडली, वारा खेळावा म्हणून. गरमीने पॅनेल मंदावतं, ते आठवतंय ना? जागाही अशी निवडली, की टपावरच्या हवेच्या झडपेची सावली पडू नये. पॅनेलच्या आत काचेखाली छोटे छोटे तुकडे ओळीने जोडलेले असतात, पुन्हा तीच बादल्यांची रांग. एका तुकड्यावर सावली पडली की त्याच्या रांगेतले बाकीचेही अडतात. एक फांदी, कावळ्याची एक करामतसुद्धा पुरते.

नव्या वायरी मुलांना फारच जाड वाटल्या. सत्तावीस अँपिअर बारीक वायरीतून नेले, तर वायर तापते आणि वाटेतच वीज वाया जाते. बॅटरीच्या अगदी जवळ दोन्ही वायरींना वेगवेगळे फ्यूज लावले. बॅटरीला सोसेल असा आकडाही काकांनी काढला होता. अशी बॅटरी तिच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त वेगाने भरू नये. १५० चा पाचवा हिस्सा ३०. जुनी पॅनेल दहाच्या आसपास देणार, म्हणून नव्या डबीवर त्यांनी २० ची मर्यादा लावली.

"पण ती तर सत्तावीस देऊ शकते! मग एवढं मोठं पॅनेल कशाला घेतलं?" पाचवीतली तीच मुलगी. मला तिचं फार कौतुक वाटलं.

"उन्हासाठी नाही घेतलं गं. ढगासाठी घेतलं."

भादव्यातल्या ढगाळ दिवशी नवं पॅनेल साडेतीनशे वॉट-तास देईल, जुनी दीडशे. मिळून ५००. खर्च ७५०. तोटा रोजचा २५०. हाताशी ९००. मुलांनी भागाकार केला : साडेतीन दिवसांहून जास्त! दीडाचे साडेतीन झाले. गाडी चालू असताना इंजिनही बॅटरी थोडी भरतं, पण काकांनी ते हिशेबात धरू दिलं नाही. ते वरकड म्हणायचं.

एक सूचना पालकांसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आल्यापासून आपल्याकडे पुष्कळ सोसायट्या आणि बंगलेवाले जुन्या पॅनेलांना नवीन जोड देण्याचा विचार करतात. तिथेही प्रश्न हाच. जुन्या इन्व्हर्टरला आणखी पॅनेल झेपतील का, नव्या रांगेसाठी त्यात वेगळी जागा आहे का, हे आधी विचारा. आणि क्षमता वाढवायची तर महावितरणची मंजुरी लागते. "जोडून टाकतो साहेब, काही होत नाही," असं म्हणणाऱ्याला पॅनेलमागची चिठ्ठी वाचायला लावा.

साडेबारा वाजता गोधडी काढली. डबीच्या छोट्या पडद्यावर आकडे पळायला लागले : ६, ११, १७, २०. तिथेच थांबले. काकांनी टपाची उंची जमिनीपासून मोजून एका चिठ्ठीवर लिहिली आणि ड्रायव्हरसमोर चिकटवली. पुलांखाली लोखंडी कमानी असतात ना, त्यासाठी. मग आजींनी सगळ्यांना आंबाडाळ आणि पन्हं दिलं. पन्हं अर्थातच फ्रीजमधलं.

गणपती होऊन गेल्यावर काकांचा फोन आला. चार दिवस गाडी गावात अंगणात उभी होती. पहिले दोन दिवस सूर्य दिसलाच नाही आणि गावातली वीजही गेलेली. आजींनी वहीत रोज सकाळी फ्रीजमधल्या तापमापीचा आकडा लिहिला : ५, ४, ५, ५. इन्सुलिन थंड पत्र्याला टेकू नये म्हणून त्यांनी ते कापडी पिशवीत ठेवलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी बॅटरी १२.३ व्होल्टवर उतरली. १२.२ च्या खाली जाऊ द्यायची नाही, असा काकांचा दंडक. मग रात्री पंखा बंद केला आणि विझणवारे निघाले. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला ऊन आलं आणि दुपारपर्यंत बॅटरी वर चढली.

आजींनी आता नवीन मागणी ठेवली आहे. पुढच्या वर्षी मोदकांचं सारण गाडीतच करायचं, तर मिक्सर चालेल का? मिक्सरवर आकडा आहे ५०० वॉट आणि तो रोज दहा मिनिटं चालणार. हिशेब काकांनी आमच्या वर्गाकडे पाठवला आहे.